सावंतवाडीत आधी राजवाडा, मग चितारआळी

माझं माहेर बांद्याचं, सावंतवाडीच्या शेजारचं. गोव्याला निघालेल्या मैत्रिणी विचारतात, "वाटेत तासभर थांबलो तर होईल ना बघून?" नाही होणार. अख्खा दिवस काढा, शक्यतो मंगळवार. त्या दिवशी आठवडा बाजार असतो. उकडे तांदूळ, कुळथाचं पीठ, सोलं तिथूनच घ्या.

सकाळी मात्र थेट राजवाड्यात जा. बहुतेक जण आधी खेळण्यांच्या दुकानांत शिरतात आणि डोळा तयार नसताना खरेदी करून बसतात. राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये कलाकार गंजिफा, म्हणजे खेळायचे जुन्या पद्धतीचे पत्ते, रंगवत असतात. त्यांच्याजवळ शांतपणे दहा मिनिटं उभ्या राहा. दशावतारी गंजिफेत 120 गोल पानं असतात. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं: राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. मुलं सोबत असतील तर त्यांना मत्स्याच्या पानावरचे मासे, परशुरामाच्या पानावरचे परशू मोजायला लावा. माझी भाची तिथून हलायला तयार नव्हती. ही कला जवळजवळ संपली होती. 1970च्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी एका वृद्ध चिताऱ्याकडून ती शिकून घेतली, म्हणून आज ती डोळ्यांसमोर दिसते.

कुंचल्याची ती बारीक रेघ पाहिली की मग लाकडी खेळण्यांच्या दुकानांच्या गल्लीत, चितारआळीत जा. लाकडी आंबे, सीताफळं, भातुकली, पाट, चौरंग, देव्हारे, पाळण्यावरची खेळणी. लगेच भाव विचारू नका. आधी वस्तू हातात घ्या. फळांसाठी इथे पूर्वीपासून पांगाऱ्याचं लाकूड वापरतात, ते वजनाला हलकं असतं. रंग कडेला, देठाजवळ कसा बसलाय ते बघा. "हे इथेच केलंय का?" असं सरळ विचारा, कारण बाहेरून आलेला मालही दुकानात असतो. लाखकाम चालू असलेलं दिसलं तर थांबाच: फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेनेच लाख वितळून रंग चढतो. घासाघीस फार करू नका. एका आंब्यामागे किती हात राबतात ते तुम्ही आत्ताच पाहिलेलं असतं.

संध्याकाळी मोती तलावाच्या काठी बसा. मुक्काम असेल तर दुसऱ्या दिवशी कुडाळजवळच्या पिंगुळीला जाऊन ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) आणि कळसूत्री बाहुल्या बघा.

आणि बॅगेत एक जुनी सुती ओढणी ठेवा. नुसत्या वर्तमानपत्रात गुंडाळलं तर आंब्याचा देठ पहिला मोडतो.