पहाटे तळ्यात मासे तोंड वर काढतात तेव्हा: श्वासाबाबतच्या या चुका टाळा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर गेला की शेततळ्यांवर पहाटे हमखास दिसतं: रोहू-कटला तोंड वर काढून आ वासत असतात आणि मालक ‘भुकेले दिसतात’ म्हणून पेंड टाकतो. सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. मासा कल्ल्यांनी पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेतो. २० अंशांच्या पाण्यात तो लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांवर साडेसातच. रात्री शेवाळंही तोच वापरतं, म्हणून उजाडण्याआधीची वेळ सर्वांत वाईट. त्यात टाकलेली पेंड कुजते आणि उरलासुरला प्राणवायूही खाते.

तोंडं दिसली की खाद्य बंद करा. पंप लावून तळ्याचंच पाणी फवाऱ्यासारखं वरून पाडा. विहिरीचं पाणी सोडणार असाल तर तेही उंचावरून पडू द्या, कारण खोल पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो. मरळ अधूनमधून वर आली तर घाबरू नका, तिला हवेतला श्वास लागतोच. पण मरळ जगली म्हणून पाणी चांगलं, असं धरू नका. त्याच पाण्यात रोहू मरू शकतो.

कोंबडी पकडताना छाती आवळू नका. तिला आपल्यासारखं श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा) नसतं. छातीचं हाड खालीवर हललं तरच हवा आत जाते. मुलांच्या हातात पिल्लू देताना हे जरूर सांगा.

गांडूळ कातडीने श्वास घेतो. गांडूळखताचा बेड सुकला तर तो मरतो, आणि पाणी तुंबलं तरीही. केळीच्या खुंटांत पाणी भरपूर असतं, त्यामुळे तो माल घातला की शिंपण कमी करा. मूठभर खत दाबलं तर हाताला ओल लागावी, धार निघू नये.

गाय-बैलाला नळकांड्याने औषध पाजताना मान आकाशाकडे ताणून जीभ धरून ठेवतात. माझा जीव यालाच सर्वांत जास्त तुटतो. जीभ धरली की जनावराला गिळता येत नाही, औषध श्वासनळीतून फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो. तोंड जमिनीला समांतर, फार तर किंचित वर ठेवा. गालाच्या कोपऱ्यातून थोडं-थोडं पाजा. ठसका लागला की डोकं लगेच सोडा, ढोराला खाली मान घालून खोकू द्या. पोट फुगलेलं असेल किंवा धाप लागली असेल, तर पाजूच नका, जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा.