तुर्कस्तानात लग्न आणि रस्त्यावरचं वादन बघायचं असेल तर

मी पुण्यातल्या एका पथकात ताशा वाजवते. मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर दोरी ओलांडून थेट ताशासमोर मोबाईल धरणारी माणसं असतात आणि दोरीबाहेर उभं राहून ठेका मनापासून ऐकणारीही असतात. वाजवणाऱ्याला दोन्ही बरोब्बर दिसतात. म्हणून परदेशात कुणाच्या घरचं कार्य किंवा रस्त्यावरचं वादन बघायला गेले, की तिथली दोरी कुठे आहे ते मी आधी शोधते. तुर्कस्तानला निघालेल्या मैत्रिणी हे नेहमी विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

लग्नं बघायची तर उन्हाळ्यात जा, आणि शनिवार-रविवार लहान गावासाठी राखून ठेवा. मोठ्या शहरांत लग्नं हॉलमध्ये होतात, गावात मात्र अजून घरासमोरच्या रस्त्यावर खुर्च्या मांडतात. दावुल (तिथला ढोल) आणि झुर्ना (सनईसारखं वाद्य) लांबूनच ऐकू येतात. आवाजाच्या दिशेने चालत जा, पण खुर्च्यांच्या अलीकडे थांबा. घरातल्या कुणा वडीलधाऱ्याची नजर मिळाली की छातीवर हात ठेवून किंचित झुका. बहुतेकदा चहा येतो, खुर्ची येते. नाहीच आली, तर थोडा वेळ ऐकून निघायचं.

आता दावुल. ढोल वाजवणाऱ्या प्रत्येकाने हे वाद्य जवळून बघायलाच हवं. गळ्यात तिरका अडकवलेला, दोन्ही बाजूंना चामडं. एका हातात टोकमाक नावाचा जाड लाकडी दांडा, दुसऱ्या हातात बारीक काडी. टोकमाकाने घुमारा निघतो आणि काडी मधल्या जागा भरत राहते. आपल्याकडे टिपरू-थापीचं काम ढोलावर आणि तडतड ताशावर, अशी वाटणी असते. तिथे एकच माणूस दोन्ही सांभाळतो. जोडीला झुर्ना. सनईच्याच कुळातली, पण आवाज कितीतरी तिखट. वाजवणारा गाल फुगवून नाकाने श्वास घेत राहतो, त्यामुळे सूर तुटतच नाही. झुर्न्याच्या तोंडासमोर उभ्या राहू नका, कान बसतील. काडीच्या बाजूला उभ्या राहा, लय तिथे स्वच्छ कळते. वादक तुमच्यासमोर येऊन वाजवू लागला तर तो बक्षिसीची वाट बघतोय. सुट्या लिरा खिशात असू द्या.

हालाय नाचात सगळे करंगळीत करंगळी अडकवून रांग धरतात. सर्वांत पुढचा रुमाल फिरवतो, पावलंही तोच ठरवतो. कुणी बोलावलं तर रांगेच्या शेवटी जोडून घ्या. मध्येच हात सोडवून घुसू नका.

आहेराची वेळ आली की फोन खाली. नवरा-नवरीच्या गळ्यातल्या फितीवर नातेवाईक नोटा आणि सोनं टाचतात, कधी कधी कुणी काय दिलं ते माईकवर सांगतात. तो त्यांच्या घरचा हिशोब आहे. तुम्हाला आग्रहाने बसवलं असेल तर एखादी नोट तुम्हीही टाचा. त्यांना फार बरं वाटतं.

लग्नाआधीची मेंदीची रात्र मुख्यतः बायकांची. नवरीच्या तोंडावर लाल ओढणी असते, मेणबत्त्या घेतलेल्या मुली तिच्याभोवती फिरत माहेर सुटण्याची गाणी म्हणतात. सासूने तळहातावर सोन्याचं नाणं ठेवल्याशिवाय नवरी मूठ उघडत नाही. गाणी ऐकून ती रडते, आई रडते. इथे बोलावणं असेल तरच जा, आणि त्या रडण्याचे फोटो कृपा करून काढू नका.

इस्तंबूलमध्ये एयुप सुलतान मशिदीत सुंतेआधी नटूनथटून आलेली मुलं दिसतात. पांढरा पोशाख, खांद्यावर झूल, डोक्यावर मुकुटासारखी टोपी. फोटोसाठी मुलाला नाही, आईवडिलांना विचारा. डोक्याला ओढणी हवी, आणि नमाजाच्या वेळा, विशेषतः शुक्रवारची दुपार, टाळा.

इस्तंबूलमधल्याच इस्तिकलाल रस्त्यावर रोजच कुणी ना कुणी गात-वाजवत असतं. मध्ये ट्रामचे रूळ आहेत, ते मोकळे ठेवा. व्हिडिओ काढायचा असेल तर आधी पेटीत पैसे टाका.

रमजानात गेलात तर खिडकी उघडी ठेवून झोपा. पहाटेच्या जेवणासाठी लोकांना उठवायला दावुलवाले गल्लीगल्लीतून फिरतात, आणि त्या वेळी ऐकणारी गर्दी नसते. रमजान दरवर्षी साधारण दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, तेव्हा तिकीट काढण्याआधी तारीख बघून घ्या.