संगीत-खेळांतील गाण्यांची किंमत आणि सूट: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

सहा वर्षांपूर्वी मी नाशिकमध्ये गंगापूर रोडवरच्या दोन खोल्यांच्या एका कार्यालयात कामाला लागले. नेमणूकपत्रावर ‘कॅटलॉग सहायक’ असे पद लिहिलेले होते आणि त्याचा अर्थ आईला समजावून सांगण्यात माझी एक पूर्ण संध्याकाळ गेली. पडद्यावरून सरकत येणाऱ्या खुणांवर ठेका साधून बटणे दाबायची, असे संगीतावर आधारलेले व्हिडिओ गेम आमची कंपनी तयार करते. मूळ खेळ गिऱ्हाईक एकदाच विकत घेते. त्यात वाजवायची नवी गाणी मात्र पुढे कित्येक वर्षे एकेकटी किंवा संचाने विकली जातात, आणि आमच्याकडे सगळे त्यांना डीएलसी म्हणतात. त्या गाण्यांची किंमत काय असावी, सूट केव्हा आणि किती द्यावी, कोणते गाणे कोणत्या तारखेला दुकानातून उतरवावे, हे पाहणे माझ्याकडे असते. वाणिज्य शाखेची किंवा संगीताची मुले हल्ली या कामाविषयी विचारतात, म्हणून मला जे उशिरा कळले ते येथे क्रमाने लिहीत आहे.

पहिला प्रश्न बहुतेक सर्वांचा सारखाच असतो: ऐकण्यासाठी जे गाणे स्वस्तात मिळते, तेच खेळात इतके महाग का? ॲपलने २००३ मध्ये आयट्यून्सचे दुकान उघडले तेव्हा एका गाण्याची किंमत ९९ सेंट होती. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये रॉक बँड हा खेळ आला तेव्हा त्यातील बहुतेक सुट्या गाण्यांची किंमत १.९९ डॉलर, म्हणजे दुप्पट ठेवण्यात आली. त्या जादा डॉलरमागे खरोखरीचे श्रम होते. खेळात गिटार, बास, ड्रम आणि गायन यांच्या खुणा वेगवेगळ्या बसवाव्या लागतात, प्रत्येक वाद्यासाठी सोप्यापासून अवघडपर्यंतच्या चार पायऱ्या हाताने तयार कराव्या लागतात, आणि वाजवणारा चुकला की फक्त त्याचेच वाद्य गप्प व्हावे यासाठी मूळ ध्वनिमुद्रणाचे वेगवेगळे ट्रॅक मिळवावे लागतात. शिवाय परवाने दोन लागतात. एक शब्द आणि चाल यांच्या हक्कधारकाचा, दुसरा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाच्या, म्हणजे मास्टरच्या हक्कधारकाचा. पुष्कळदा हे दोघे वेगळे असतात आणि दोघांच्याही अटी वेगळ्या असतात.

त्या अटींचे वजन किती असते, हे मला एका उदाहरणाने पटले. रॉक बँडच्या पहिल्या भागातील गाणी दुसऱ्या भागात नेण्याची सोय कंपनीने ४.९९ डॉलर घेऊन दिली होती, पण खेळाच्या चकतीवरच्या, म्हणजे डिस्कवरच्या ५८ गाण्यांपैकी ५५च नेता येत होती. उरलेली तीन ज्याने आधीच पैसे मोजून घेतली होती, त्यालाही ती दुसऱ्या भागात मिळाली नाहीत. गाणे तेच, गिऱ्हाईक तेच, विकणारेही तेच. आड आला तो परवाना.

आता आपल्या रुपयांत हिशेब मांडू. हा हिशेब नवशिक्याने पहिल्याच दिवशी स्वतःच्या हाताने करावा. एका गाण्याची करासहित किंमत ९९ रुपये आहे असे समजा. त्यातून १८ टक्के वस्तू व सेवा कर वजा केला की सुमारे ८३ रुपये ९० पैसे उरतात. मोठ्या डिजिटल दुकानांचा प्रचलित वाटा ३० टक्के असतो. तो गेल्यावर हातात ५८ रुपये ७३ पैसे राहतात. करारात असे लिहिले आहे असे धरा की, दर विक्रीमागे दोन्ही हक्कधारकांना मिळून किमान ३० रुपये द्यायचे. मग कंपनीकडे २८ रुपये ७३ पैसे उरतात आणि त्यातूनच खुणा बसवणाऱ्याचा पगार निघायचा असतो. याच गाण्यावर पन्नास टक्के सूट दिली आणि ते ४९ रुपयांना विकले, तर कर आणि दुकानाचा वाटा जाऊन २९ रुपये ७ पैसे हाती येतात. द्यायचे मात्र ३० आहेत. म्हणजे प्रत्येक विक्रीला ९३ पैसे पदरचे घालायचे, आणि विक्री जितकी वाढेल तितका तोटाही वाढणार. गिऱ्हाइकाला ‘निम्मी किंमत’ दिसते तेव्हा कंपनीची निम्मी नव्हे, सगळीच कमाई गेलेली असते. म्हणून आमच्याकडे दर गाण्यासमोर एक ‘तळ’ लिहिलेला असतो. त्याखाली किंमत न्यायची झाली तर हक्कधारकाची लेखी संमती लागते. काही करारांत आणखी एक कलम असते, ज्याला सगळे एमएफएन म्हणतात: एका हक्कधारकाला वाढीव दर दिला की तोच दर दुसऱ्यालाही द्यावा लागतो. हे कलम नजरेतून सुटले तर सगळा तक्ता चुकतो.

स्वतः मुद्रित केलेल्या गाण्यांचा मामला वेगळा आहे, आणि आपल्या भागातल्या मुलांना खरी संधी येथेच आहे असे माझे प्रामाणिक मत आहे. समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात रचलेली गणपतीची आरती घ्या. आपल्या कायद्यात कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत हक्क टिकतो, त्यामुळे त्या शब्दांवर आज कोणाचाही हक्क नाही. पण त्याच आरतीच्या एखाद्या ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षे चालतो. तेव्हा बाजारातले मुद्रण उचलून वापरता येत नाही. आपली माणसे बसवून, त्यांच्याशी लेखी करार करून नव्याने मुद्रण केले तर ते आपले होते. आमच्या संघाने पंचवटीतल्या ओळखीच्या वादकांना घेऊन नाशिक ढोलाच्या पाच ठेक्यांचा संच असाच तयार केला. वादकांना ठरलेले मानधन दिले आणि विक्रीतला वाटाही कागदावर लिहून दिला. या संचाला हक्कधारकांचा तळ नव्हता, सूट कितीही देता येत होती, आणि माझी सर्वांत मोठी चूक नेमकी त्या मोकळिकीतच झाली.

संच विकण्यामागचा विचार सरळ आहे. रॉक बँडमध्ये तीन सुट्या गाण्यांचे ५.९७ डॉलर होत, तर तीन गाण्यांचा संच ५.४९ ला मिळे. रॉकस्मिथ २०१४ या गिटार शिकवणाऱ्या खेळात एक गाणे २.९९ डॉलरला आणि पाच गाण्यांचा संच ११.९९ ला असे, म्हणजे जवळजवळ वीस टक्के कमी. तोच नमुना समोर ठेवून आम्ही ढोलाचा एकेक ठेका ९९ रुपयांना आणि पाचांचा संच ३९९ रुपयांना ठेवला. सुटे घेतले असते तर ४९५ झाले असते. पुढे उन्हाळी सवलतीच्या वेळी मी सुट्या ठेक्यांवर पन्नास टक्के सूट लावली आणि संच तसाच ठेवला, कारण त्यात सूट आधीच धरलेली आहे अशी माझी समजूत होती. परिणामी सुटे पाच ठेके २४५ रुपयांना मिळू लागले आणि ‘स्वस्त’ म्हणून मांडलेला संच ३९९ लाच राहिला. ज्यांनी दोन ठेके आधी घेतले होते त्यांना संचाचा काहीच उपयोग नव्हता. आणि आठवडाभरापूर्वी ज्यांनी मोठ्या हौसेने संच घेतला होता, त्यांना आपण फसलो असे वाटले.

मालेगावच्या अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने पत्र लिहिले. त्यात राग नव्हता. “ताई, मी संच घेऊन चूक केली का?” एवढेच त्याने विचारले होते. त्या प्रश्नाने मला दोन दिवस काम सुचले नाही. दुकानाच्या नियमांकडे पाहिले तर तेथेही मार्ग नव्हता. आमचे खेळ जेथे विकले जातात त्या स्टीम या ऑनलाइन दुकानात डीएलसीचे पैसे परत मिळण्यासाठी खरेदीला चौदा दिवस झालेले नसावेत, आणि खरेदीनंतर मूळ खेळ दोन तासांहून कमी खेळलेला असावा. पण ढोलाचा संच मनापासून घेणारा मुलगा पहिल्याच संध्याकाळी दोन तास वाजवतो. म्हणजे ज्याचा उत्साह सर्वांत जास्त, त्यालाच परतावा नाही. सवलत चालू असताना मूळ किंमत बदलता येत नाही, असाही नियम आहे. आमच्या सरांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “आपल्या हातात काय आहे?” आपल्या हातात स्वतःचे मुद्रण होते. मुद्रणाच्या वेळी वाजवून घेतलेला, पण संचात न घातलेला सहावा ठेका आम्ही महिनाभरात खुणांसह तयार केला. संच घेतलेल्या प्रत्येकाला तो विनामूल्य दिला, आणि त्याबद्दलचे जादा मानधन वादकांना कंपनीने भरले.

त्यानंतर संचाची मांडणीच बदलली. संच हा वेगळा माल म्हणून न ठेवता त्याचे ‘बंडल’ करायचे. स्टीमवर बंडल घेताना गिऱ्हाइकाकडे आधीच असलेली गाणी वगळून उरलेल्यांचेच पैसे घेता येतात, आणि बंडलची सूट सुट्या गाण्यांवर चालू असलेल्या सवलतीच्या वर लागते. त्यामुळे सुटे ठेके २४५ चे झाले की वीस टक्क्यांच्या बंडलमध्ये तेच पाच आपोआप १९६ ला मिळतात आणि संच सुट्यांपेक्षा महाग होण्याचा प्रश्नच उरत नाही. ज्या दुकानात ही सोय नाही, तेथे सुट्यांवर सूट लावण्यापूर्वी संचातल्या एका गाण्याला किती पडतात हे काढून दोन्ही आकडे शेजारी लिहायचे, असा नियम मी स्वतःला घातला. भाजी बाजारात कोणताही विक्रेता पाच जुड्या एकत्र घेणाऱ्याला एका जुडीच्या भावापेक्षा चढा भाव सांगत नाही. माझ्याकडून ते झाले, कारण मी दोन्ही किमती वेगवेगळ्या पानांवर पाहत होते.

सवलतीच्या वेळापत्रकाविषयी थोडक्यात. स्टीमवर सूट किमान १० आणि कमाल ९० टक्के असते, स्वतः ठरवलेली सवलत दोन आठवड्यांहून अधिक चालत नाही, दोन सवलतींमध्ये ३० दिवसांचे अंतर राखावे लागते (मोठ्या हंगामी सवलती याला अपवाद आहेत), आणि किंमत वाढवली तर पुढचे ३० दिवस सूट देता येत नाही. शेवटचा नियम मला फार न्याय्य वाटतो, कारण आधी भाव चढवून मग ‘सूट’ लिहिण्याला त्याने आळा बसतो. आपल्या सणांच्या गाण्यांचे गणित मात्र या हंगामी सवलतींशी जुळत नाही. गणपतीच्या गाण्यांची मागणी श्रावणात वाढू लागते आणि अनंत चतुर्दशीनंतर जवळजवळ थांबते. त्यानंतर सूट देऊन विक्री वाढत नाही, फक्त पुढच्या वर्षी पूर्ण किंमत मागणे अवघड होते. म्हणून अशी गाणी सणाच्या तीन आठवडे आधी लहानशा सवलतीने आणावीत आणि नंतर किंमत स्थिर ठेवावी.

लासलगाव-पिंपळगावकडच्या माणसाला मालाच्या नाशवंतपणाचा हिशेब सांगावा लागत नाही. द्राक्षे नासतात म्हणून भाव उतरतो. गाणे नासत नाही, पण ते विकण्याचा परवाना संपतो, आणि त्या तारखेनंतर ते नव्या गिऱ्हाइकाला विकता येत नाही. साधारणपणे ज्याने आधी घेतले आहे त्याला ते पुन्हा डाउनलोड करून घेता येते, परंतु तेही दुकान चालू असेल तोवरच. सोनीच्या सिंगस्टार या गायनाच्या खेळाचे गाण्यांचे दुकान २०२० च्या जानेवारीअखेर बंद झाले. गिटार हीरो लाइव्ह या खेळात बहुसंख्य गाणी केवळ इंटरनेटवरून वाजत असत; २०१८ च्या डिसेंबरमध्ये ती सेवा थांबली तेव्हा साडेचारशेहून अधिक गाण्यांपैकी चकतीवरची ४२ तेवढी उरली. परवाना संपत आलेल्या गाण्यावर मोठी सूट देण्याची रीत आहे आणि ती मला मान्य आहे, पण गाणे कोणत्या तारखेला दुकानातून उतरणार हे त्या सवलतीच्या शेजारीच स्पष्ट लिहिलेले असावे. ते लपवून ‘आता नाही तर कधीच नाही’ असा घाईचा मजकूर लिहायला मला एकदा सांगण्यात आले होते. मी तारीख घालूनच मजकूर दिला आणि तो तसाच गेला.

तयारीसाठी मोठे शुल्क भरून अभ्यासक्रम करण्याची गरज मला वाटत नाही. तक्त्यांचे काम चोख यावे, करार वाचताना कंटाळा येऊ नये, आणि कोणतेही एक वाद्य थोडे तरी वाजवता यावे. मी लहानपणी पाच वर्षे तबला शिकले होते. एखाद्या गाण्याच्या खुणा बसवायला किती दिवस लागतील याचा अंदाज मला त्यामुळे येतो आणि किंमत ठरवताना तो रोज लागतो. मुलाखतीला येणाऱ्यांना मी एक गोष्ट करून आणायला सांगते. कोणताही एक संगीत-खेळ निवडावा आणि त्याच्या वीस गाण्यांच्या किमती सहा महिने, दर सोमवारी, हाताने वहीत लिहाव्यात: मूळ किंमत, त्या दिवशीची किंमत, ते गाणे कोणत्या संचात आहे, आणि त्या संचात त्या एका गाण्याला किती पडतात. गेल्या वर्षी सिडकोतली एक मुलगी अशी वही घेऊन आली होती. तिच्या अकराव्या पानावर एका संचाभोवती लाल वर्तुळ होते आणि शेजारी लिहिले होते, “सुटे घेतले तर स्वस्त. ज्यांनी संच घेतला त्यांचे काय?” ती आता माझ्या शेजारच्या टेबलावर बसते, आणि सवलतीचा कोणताही तक्ता तिने तपासल्याशिवाय दुकानात जात नाही.