नवी रेड वाइन, त्यात पांढरं द्राक्ष: चाखताना या चुका टाळा

काही रेड वाइन काळ्या द्राक्षासोबत थोडं पांढरं द्राक्ष आंबवून करतात; अशी नवी बाटली चाखताना काही चुका हमखास होतात. रेड वाइन फ्रिजमध्ये ठेवायची नाही, हे आपण कुठून शिकलो कोण जाणे. हा नियम थंड देशांतल्या घरांचा आहे. फोंड्यात मे महिन्यात आमच्या हॉलमध्ये पारा ३२ अंशांवर असतो. त्या उकाड्यात ठेवलेली बाटली उघडली की आधी अल्कोहोलच नाकात जातं आणि पांढऱ्या द्राक्षाने दिलेला नाजूक वास त्याखाली दबून जातो. बाटली १०-१५ मिनिटं बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवा. १४-१५ अंश पुरे. त्याहून गार केली तर वास मिटतो आणि तुरटपणा जास्त टोचतो.

दुसरी चूक मला जास्त खटकते: वासावरून गोडी ठरवणं. फ्रान्सच्या कोत-रोती या वाइनच्या भागात सिरा या काळ्या द्राक्षासोबत व्हियोनिए हे पांढरं द्राक्ष एकत्र आंबवतात. नियमाने २० टक्क्यांपर्यंत चालतं, प्रत्यक्षात बहुधा बरंच कमी घालतात. तेवढ्यानेही जर्दाळू आणि फुलांचा वास चढतो. आपल्याकडे गोड पोर्ट वाइनची सवय जुनी, त्यामुळे असा वास आला की जीभ गोडीची वाट बघते. वाइन निघते कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, आणि लोक म्हणतात, "आंबट झाली गं ही!" झालेली नसते. आधी फक्त वास घ्या, थांबा, मग लहान घोट जिभेवर फिरवा.

रंग फिका दिसला म्हणून पाणी घातलंय असं समजू नका. थोडं पांढरं द्राक्ष सोबत आंबवलं तर त्यातले रंगहीन घटक काळ्या द्राक्षाच्या रंगाशी जुळतात आणि रंग अधिक पक्का होतो. प्रमाण वाढलं तर मात्र रंग उतरतोच. पोर्तुगालमध्ये 'पाल्येत' नावाची फिकी तांबडी वाइन अशी मुद्दाम मिसळूनच करतात.

जिभेवर किंचित चुरचुर जाणवली तर घाबरू नका, नव्या वाइनमध्ये थोडा कार्बन डायऑक्साइड उरलेला असू शकतो. ग्लास फिरवला की जातो. काडी पेटवल्यासारखा वासही हवा लागली की बहुधा निवतो. व्हिनेगरचा झणका मात्र कितीही फिरवा, जात नाही. ती बाटली बाजूला ठेवा.

आणि जेवण! हुमणाच्या, म्हणजे माशाच्या आमटीच्या, वाटीशेजारी चाखायला बसू नका. रेड वाइनमधलं लोह माशाच्या तेलाशी जुळलं की तोंडात धातूसारखी चव येते, आणि दोष वाइनला मिळतो. तिखट शाकुतीने अल्कोहोलची जळजळ वाढते. सोलकढीचा आंबटपणा जिभेवर असताना तर कुठलीच वाइन खरी कळत नाही. आधी साधा पाव आणि पाणी घ्या, दोन घोट चाखा, मग ताट वाढा.