माशाच्या हॉटेलात आधी कालवण चाखा

माझी आई लालबागला दहा बाय बाराच्या खोलीत गिरणी कामगारांची खाणावळ चालवायची. जेवणारे बहुतेक कोकणातले, बायकापोरं गावाला. महिन्याचे पैसे भरायचे आणि पाळी सुटली की पाटावर येऊन बसायचे. बांगड्याच्या आमटीत तिरफळं नसली तर एकही जण बोलायचा नाही, पण भात कमी जायचा. आईला तेवढ्यावरून कळायचं. १९८२च्या संपानंतर पंगत ओसरली.

म्हणून मुंबईत मासे खायला निघालात तर माझं ऐका, नुसती सुरमई फ्राय मागवू नका. थाळी घ्या, आणि तुकड्याला हात लावण्याआधी कालवण भातावर घेऊन चाखा. ते कुठल्या किनाऱ्यावरून आलंय, ते तिथेच कळतं.

भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा खमंगपणा आणि गरम मसाला लागला तर स्वयंपाक मालवणी. ओल्या नारळाचं गुळगुळीत वाटण, कोकमाचा आंबटपणा, म्हणजे गोमंतकी. दादर-परळकडे हे दोन्ही भेटतात. खोबरं जवळजवळ नाहीच, लसूण, चिंच आणि तिखट कोळी मसाला असेल तर ते या शहराच्या मूळ माणसांचं, कोळ्यांचं जेवण. ते हॉटेलात कमी मिळतं. कोळीवाड्यात ओल्या बोंबलाचं कालवण मिळालं तर सोडू नका.

फोर्टची गोष्ट वेगळी. तिथे कचेऱ्यांतल्या माणसांना दुपारी जेवू घालत मंगळूरकडच्या लोकांनी बस्तान बसवलं. महेश लंच होम त्यातलंच. तिथे ब्याडगी मिरचीची लालभडक गस्सी, म्हणजे त्यांचं नारळाचं कालवण, नीर डोशाबरोबर घ्या. आपली मुडदुशी त्यांच्याकडे काणे होते, ती रव्यात तळलेली मागवा. बटर-गार्लिक खेकडा खुशाल खा, पण तो गस्सीनंतर; आधी खाल्लात तर लोण्यापुढे गस्सीची चव लागायची नाही.

बोंबील फ्राय आला की आधी मोडून बघा. पाणी दाबून नीट काढलेलं असेल तर कड कुरकुरीत आणि आत लोण्यासारखा मऊ. पाणी सुटलं तर त्या हॉटेलात दुसरा मासा मागवायच्या फंदात पडू नका.

जून-जुलैत यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. तेव्हा मोठ्या माशासाठी हट्ट धरू नका, बराचसा बर्फातला असतो. सोडे, म्हणजे सोललेली सुकी कोळंबी, घातलेलं वांगं आहे का विचारा. आई आगोटीला, पावसाच्या तोंडावर, डबाभर सोडे भरून ठेवायची, आणि त्या दोन महिन्यांत भात कधी कमी गेला नाही.