‘घेणे’ म्हणजे ‘टेक’? या चुका टाळा

शब्दकोशात ‘टेक’समोर पहिला अर्थ ‘घेणे’ दिलेला असतो आणि बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात. मराठीत आपण चहा घेतो, सभा घेतो, मुलाखत घेतो, माघार घेतो. इंग्रजीत या चारही ठिकाणी ‘टेक’ खटकतं. उलट फोटो आपण ‘काढतो’, परीक्षा ‘देतो’, वेळ ‘लागतो’. तिथे मात्र इंग्रजीला ‘टेक’च हवं असतं.

परीक्षा कोण देतं, कोण घेतं?

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ‘आय गेव्ह द एक्झॅम’ हे भारतात सगळ्यांना कळतं. लंडन किंवा न्यूयॉर्कमधल्या माणसाला मात्र तुम्ही प्राध्यापक आहात आणि विद्यार्थ्यांची परीक्षा घेतलीत, असं वाटेल. विद्यार्थी म्हणतो ‘आय टुक द एक्झॅम’. ब्रिटनमध्ये ‘आय सॅट द एक्झॅम’ही चालतं. शिक्षक परीक्षा ‘गिव्ह’ करतो. म्हणजे मराठीच्या नेमकं उलटं.

मुलाखतीचंही तसंच. ‘ही टुक माय इंटरव्ह्यू’ नको, ‘ही इंटरव्ह्यूड मी’ म्हणा. इथे नामाचंच क्रियापद तयार आहे. ‘घेणे’ लागलेल्या बऱ्याच मराठी जोड्या इंग्रजीत अशा एकाच शब्दात मावतात: आढावा घेणे म्हणजे ‘रिव्ह्यू’, माघार घेणे म्हणजे ‘विथड्रॉ’, शोध घेणे म्हणजे ‘सर्च’, शंका घेणे म्हणजे ‘डाउट’. सभा मात्र ‘होल्ड’ करतात.

मग ओळखायचं कसं? शब्दकोशात ‘टेक’ उघडून पानभर अर्थ चाळू नका. नाम उघडा. ‘एक्झॅम’, ‘मीटिंग’, ‘डिसिजन’ या नोंदींखालच्या उदाहरणांत त्यांच्याबरोबर कोणतं क्रियापद येतं ते दिसतं. वहीत नाम आणि क्रियापद जोडीनेच लिहा. ‘डिसिजन’ची नोंद पाहिलीत तर ‘टेक’ आणि ‘मेक’ दोन्ही सापडतील. दोन्ही बरोबर आहेत. अमेरिकेत ‘मेक’च जास्त ऐकू येतं.

चहा, गोळी, साखर

‘चहा घेणार?’साठी ‘विल यू टेक टी?’ जुनाट आणि ताठर वाटतं. ‘वुड यू लाइक सम टी?’ म्हणा. जेवणाला ‘हॅव’. गोळी मात्र ‘टेक’च करायची, ‘ईट’ नाही, मराठीत आपण गोळी खुशाल खात असलो तरी. आणि एक गंमत: चहात साखर घेता का, हे विचारताना ‘डू यू टेक शुगर?’ अगदी अस्सल इंग्रजी आहे.

‘अ’ कुठे लावायचा

ऑफिसच्या मेलमध्ये ‘आय टुक अ लीव्ह’ सर्रास दिसतं. रजा या अर्थाच्या ‘लीव्ह’ला ‘अ’ लागत नाही. ‘आय टुक लीव्ह’ किंवा ‘आय टुक अ डे ऑफ’ लिहा. विश्रांतीच्या बाबतीत उलट: ‘टेक रेस्ट’ला ‘अ’ हवा, नाहीतर सरळ ‘गेट सम रेस्ट’ म्हणा. ‘टेक अ ब्रेक’, ‘टेक अ सीट’, ‘टेक अ नॅप’ यांत ‘अ’ आहे. ‘टेक पार्ट’, ‘टेक केअर’, ‘टेक प्लेस’ यांत नाही. याला नियम नाही, पाठच करावं लागतं.

‘टेक प्लेस’चा आणखी एक घोळ. ‘द मीटिंग वॉज टेकन प्लेस’ कधीच होत नाही. सभा पार पडली, ती कुणी उचलून नेली नाही. म्हणून ‘द मीटिंग टुक प्लेस’. शिवाय ते बहुधा ठरवून केलेल्या कार्यक्रमासाठी वापरतात. अपघाताला ‘हॅपन्ड’ बरं.

वेळ लागणे

‘मला दोन तास लागले’ याचं ‘इट टुक टू अवर्स टू मी’ होतं, कारण ‘मला’ म्हणजे ‘टू मी’ हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. इथे ‘मी’आधी ‘टू’ लागत नाही आणि ‘मी’ क्रियापदाला चिकटून येतं: ‘इट टुक मी टू अवर्स’. पुढे काम सांगायचं असेल तर ‘टू फिनिश द रिपोर्ट’ जोडा.

टेन्शन आणि गैरसमज

‘डोन्ट टेक टेन्शन’ हे मराठी-हिंदीचं थेट भाषांतर. ‘डोन्ट वरी’ पुरे. ‘डोन्ट टेक इट अदरवाइज’ही भारताबाहेर सहसा कळत नाही, तिथे ‘डोन्ट टेक इट द राँग वे’ म्हणतात. पण ‘मनावर घेऊ नको’ला ‘डोन्ट टेक इट टू हार्ट’ तंतोतंत बसतं. थोडक्यात, प्रत्येक शब्दशः भाषांतर चुकतंच असंही नाही.

‘ऑफ’, ‘आफ्टर’ आणि सर्वनामाची जागा

‘टेक ऑफ’ म्हणजे विमानाचं उड्डाण, तसंच बूट-कपडे काढणं. काढण्याच्या अर्थी नाम असेल तर ‘टेक ऑफ युअर शूज’ आणि ‘टेक युअर शूज ऑफ’ दोन्ही चालतात. सर्वनाम आलं की ते मध्येच बसतं: ‘टेक देम ऑफ’. ‘टेक ऑफ देम’ चूक. ‘टेक आफ्टर’ मात्र तुटत नाही: ‘शी टेक्स आफ्टर हर मदर’, म्हणजे ती आईवर गेली आहे.

‘डिड यू टुक?’ आणि ‘आय हॅव टुक’ यांवर वेळ घालवत नाही: ‘डिड’नंतर ‘टेक’, ‘हॅव’नंतर ‘टेकन’.

जाता जाता: ‘टेक’ मुळात इंग्रजी नव्हेच. प्राचीन नॉर्स या स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेतल्या ‘टाका’वरून ते आलं आणि त्याने ‘निमान’ हे जुनं इंग्रजी क्रियापद हुसकावलं. बधिर या अर्थाचा ‘नम’ हा त्याच ‘निमान’चा उरलेला अवशेष, मूळ अर्थ ‘घेतलेला, जखडलेला’. त्याच्या स्पेलिंगमधला शेवटचा ‘बी’ उच्चारू नका, एवढंच.