सिंगापुरात घरी हेल्पर ठेवताय? या चुका टाळा

आमच्याकडची पहिली हेल्पर (घरातच राहून काम करणारी परदेशी बाई) चार महिन्यांत "मॅम, आय वॉन्ट ट्रान्सफर" म्हणाली, म्हणजे तिला दुसऱ्या मालकाकडे जायचं होतं. ना भांडण, ना रडारड. आठवडाभर मी एजन्सीला, तिच्या मैत्रिणींना, सगळ्यांना दोष देत होते. मग एका संध्याकाळी तिला पाठवलेले जुने मेसेज वाचले. रात्री साडेदहा: उद्यासाठी चणे भिजत घाल. पावणेअकरा: बाळाच्या बाटल्या उकळल्यास का? पहाटे पावणेसहा: पुन्हा मीच. आम्ही तिला कौतुकानं "घरचीच" म्हणायचो, आणि घरच्या माणसाला कसली आलीये वेळ!

कामाचे तास न ठरवणं

सिंगापुरात घरकामगारांना एम्प्लॉयमेंट अ‍ॅक्ट लागू होत नाही. त्यांच्यासाठी परदेशी कामगारांचा वेगळा कायदा आहे आणि त्यात रोज किती तास काम, याचा आकडा नाही. आकडा नाही म्हणजे रान मोकळं, असं आपण मनात कुठेतरी धरून चालतो. ऑफिसातून घरी आल्यावर आपला दिवस संपतो, तिचं ऑफिस मात्र तेच घर असतं. खोलीचं दार लावलं तरी स्वयंपाकघरातली हाक ऐकू येतेच.

म्हणून तास आपणच ठरवायचे आणि लिहून ठेवायचे. दुसरी हेल्पर आली तेव्हा पहिल्याच दिवशी तिच्याशी बोलले: रात्री नऊनंतर हाक नाही, मेसेज नाही. दुपारचा दीड तास तिचा. रात्री बाळासाठी उठावं लागलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा उठायचं. नऊनंतर काही आठवलं तर मी फ्रीजवर चिठ्ठी लावते. पहिले पंधरा दिवस हात शिवशिवत होते, कबूल करते.

सुट्टीत काटछाट

इथे नियम स्पष्ट आहे. आठवड्यातून एक सुट्टी तिचा हक्क आहे. तिच्या संमतीनं त्या दिवशी काम करून घेतलंत, तर महिन्याच्या पगाराशिवाय किमान एका दिवसाचा जादा पगार द्यायचा (महिन्याचा पगार भागिले 26), नाहीतर त्याच महिन्यात बदली सुट्टी. 1 जानेवारी 2023 पासून महिन्यातली किमान एक सुट्टी पैसे देऊनही रद्द करता येत नाही. "जाता जाता नाश्ता करून ठेव, आल्यावर भांडी आवर" अशा सुट्टीला सुट्टी म्हणण्यात अर्थ नाही.

बाहेर पाठवायला लोक कचरतात ते बहुतेक 5,000 सिंगापूर डॉलरच्या सिक्युरिटी बाँडमुळे, म्हणजे हेल्परसाठी मालकानं सरकारला दिलेल्या हमीमुळे. "तिनं काही भानगड केली तर पैसे बुडतील" हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय! तुम्ही तिला वर्क परमिटचे नियम समजावले असतील आणि नियम मोडल्याचं कळताच मनुष्यबळ मंत्रालयाला कळवलं असेल, तर तिनं स्वतः केलेल्या गोष्टीसाठी बाँड जप्त होत नाही. ती बेपत्ता झाली, तुम्ही शोधण्याचा खरा प्रयत्न केला आणि पोलिसांत तक्रार दिली, तर निम्मी रक्कम जाते. धोका एवढाच. त्यासाठी एखादीला दोन वर्षं घरात डांबून ठेवण्याचं समर्थन होत नाही.

लोनचे महिने विसरणं

एजन्सीच्या बिलात एक रक्कम तिच्या प्लेसमेंट लोनची, म्हणजे ही नोकरी मिळवण्यासाठी तिच्या डोक्यावर आलेल्या कर्जाची असते. ती आपण आधी भरतो आणि दरमहा तिच्या पगारातून वळती करतो. परिणामी सुरुवातीचे काही महिने तिच्या हातात जेमतेम खर्चापुरते पैसे पडतात, आणि तिकडे घरचे मात्र पहिल्या महिन्यापासून पैशांची वाट बघत असतात. त्याच काळात ती गप्प गप्प राहते, फोनवर रडते, कामात चुकते आणि आपण म्हणतो, "हिचं लक्षच नाही."

सही करण्याआधी लोनचा तपशील मागा. इथली एजन्सी तिच्याकडून कराराच्या दर वर्षामागे एक महिन्याचा, जास्तीत जास्त दोन महिन्यांचा पगार एवढीच फी घेऊ शकते. बाकीची रक्कम तिच्या देशातल्या खर्चाची असते, ती कशाकशाची हे विचारा. जमत असेल तर वसुली जास्त महिन्यांत विभागा. आम्ही तसं केलं, त्यामुळे दर महिन्याला तिच्या घरी थोडे तरी पैसे जात राहिले.

पैशांबाबत आणखी एक. "तुझा पगार माझ्याकडे सुरक्षित राहील" हा चांगुलपणा 2019 पासून नियमबाह्य आहे. तिचे पैसे सांभाळायला ठेवता येत नाहीत. पासपोर्टही तिच्याचकडे राहू द्या.

"यस मॅम" म्हणजे होकार समजणं

दहा मिनिटांचा व्हिडिओ कॉल, "इंडियन कुकिंग येतं?" "यस मॅम", आणि निवड झाली. हे "यस" बऱ्याचदा "तुमचं बोलणं ऐकलं" एवढंच सांगत असतं. हो-नाहीचे प्रश्न टाळा. "आधीच्या घरी सकाळी उठल्यावर काय काय करायचीस?" असं विचारलं की खरं चित्र दिसतं. आपलं घर शाकाहारी असेल, कुत्रा असेल, आजारी आजोबांना उचलावं लागणार असेल, तर हे आधीच सांगा. आणि घर शाकाहारी असलं तरी ती काय खाणार, कुठे शिजवणार, हे तेव्हाच ठरवा. तिला डाळभातावर ठेवून "आम्हीही तेच खातो" म्हणणं मला पटत नाही.

काम शिकवताना एकदा करून दाखवा, मग तिला करायला लावा. वॉशिंग मशीनच्या बटणांचे फोटो छापून चिकटवले, तेव्हा आमचे अर्धे वाद मिटले.

छोट्या वाटणाऱ्या, पण महागात पडणाऱ्या

मैत्रिणीकडे पार्टी आहे म्हणून हेल्परला मदतीला पाठवणं बेकायदेशीर आहे. वर्क परमिटवर जो पत्ता, तिथलंच घरकाम. तुमच्या घरगुती डबे-केकच्या धंद्यालाही तिला जुंपता येत नाही.

खिडकीची बाहेरची बाजू पुसायची असेल तर ग्रिल बसवलेलं आणि कुलूपबंद हवं, शिवाय तुम्ही किंवा दुसरं कुणी मोठं माणूस समोर उभं हवं. उंच इमारतींतून पडून बायका मेल्या आहेत, इथे सूट नाही.

घरात कॅमेरे असतील तर कुठे आहेत ते तिला सांगा. ती झोपते वा कपडे बदलते तिथे आणि बाथरूममध्ये कॅमेरा लावायचाच नाही. दर सहा महिन्यांची वैद्यकीय तपासणी चुकवू नका, तिचा खर्च मालकाचा.

बिनसलंच तर

लगेच एजन्सीला फोन लावू नका. तिची भाषा येणारं कुणी मध्ये घेऊन अर्धा तास बसा. इंग्रजीत "होमसिक" म्हणणारी बाई स्वतःच्या भाषेत दात दुखतोय असं सांगते, हे मी पाहिलंय. इथल्या कामगार संघटनांच्या महासंघानं, एनटीयूसीनं, 2016 मध्ये सुरू केलेलं सेंटर फॉर डोमेस्टिक एम्प्लॉइज मालकांनाही सल्ला देतं, त्यांना विचारा.

तरीही जमणार नसेल आणि ती ट्रान्सफर मागत असेल, तर संमती द्या. हट्टानं अडवलेली हेल्पर तुमच्या बाळाला मायेनं भरवणार नाही. परत पाठवत असाल तर पगाराची बाकी आधी चुकती करा. तिकीट तुम्हीच काढायचं, आणि तेही फक्त राजधानीपर्यंतचं नको, गावी जायला सोयीच्या विमानतळापर्यंतचं काढा.